गादीचा वारस आणि विचाराचा वारस

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाकारुणिक तथागत भगवान बुद्ध, बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तसेच राजर्षी छत्रपती शाहू महाराज आणि श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझ्या विषयाकडे वळतो.

आजचा माझा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. एका गादीवर एकामागून एक कोणते राजे बसले आणि ते कसे बसले, हा तो विषय होय. आंबेडकरी विचारपीठावर राजांच्या वंशावळी कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच रविवारच्या बालवर्गात आहे.

काही महिन्यांपूर्वी बालवर्गातील एका मुलीने शाळेसाठी केलेला तक्ता मला दाखविला. तिला स्वीडन या देशाच्या राजांची परंपरा काढावयास सांगितली होती. त्या तक्त्यात सर्वत्र सरळ रेघा होत्या. मात्र १८१० या सालापाशी तिने तुटक रेघ ओढली होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "काका, इथे राजाला मूल नव्हते. म्हणून त्यांनी फ्रान्समधला एक सेनापती आणला." तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. तेराव्या कार्ल राजास वारस नव्हता, तेव्हा स्वीडनच्या प्रतिनिधिसभेने नेपोलियनचा सेनानी बर्नादोत याची युवराज म्हणून निवड केली आणि राजाने त्याला दत्तक घेतले. एका वकिलाचा हा मुलगा १८१८ साली स्वीडनचा राजा झाला. आजही ते सिंहासन त्याच घराण्याकडे आहे. पुढे त्या मुलीने मला विचारले, "शाहू महाराज शिवाजी महाराजांचे नातू होते का?" तिचे वडील "हो" म्हणाले, मी "वंशज" म्हणालो. घरी जाऊन ग्रंथ उघडले, तेव्हा ध्यानात आले की आम्हा दोघांचीही उत्तरे चुकली होती. त्या चुकीची दुरुस्ती म्हणून आजचे हे भाषण आहे.

बंधू-भगिनींनो, छत्रपती शिवाजी महाराजांचे निर्वाण १६८० साली झाले. त्यांच्यानंतर संभाजी महाराज आणि १६८९ साली त्यांची क्रूर हत्या झाल्यानंतर राजाराम महाराज गादीवर आले. १७०० साली राजाराम महाराज निवर्तले. त्या वेळी त्यांच्या पराक्रमी पत्नी ताराबाई यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाने राज्य चालविले आणि औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ साली संभाजीपुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि वारसा कोणाचा, या प्रश्नावरून एका घराची दोन घरे झाली. शाहूंची गादी साताऱ्यास राहिली, तर ताराबाईंनी पन्हाळ्यास वेगळी गादी स्थापिली. १७१४ साली ताराबाई व त्यांचा पुत्र यांना बाजूस सारून त्यांच्या सवतीचा मुलगा संभाजी त्या गादीवर बसला. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या. हीच पुढे कोल्हापूरची गादी म्हणून ओळखली गेली.

हा कोल्हापूरचा संभाजी १७६० साली निपुत्रिक मरण पावला आणि त्याबरोबर त्या गादीवरील शिवरायांचा थेट पुरुषवंश संपला. त्याची पत्नी जिजाबाई हिने १७६२ साली भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील मुलगा दत्तक घेतला. तेव्हापासून १९४७ पर्यंत या गादीवर सहा वेळा दत्तक वारस बसले आहेत. १८६६ साली आलेले राजाराम महाराज मूळचे पाटणकर घराण्यातील. ते युरोपच्या प्रवासास गेले असता १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ऐन विशीत वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. त्यांच्यामागून दत्तक आलेले शिवाजी महाराज मनोविकाराने ग्रस्त झाल्याचे ठरविण्यात आले. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि १८८३ च्या डिसेंबरात, देखरेखीवरील इंग्रज सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्यास हे वाचताना वेदना होतात. त्या तरुणास शुश्रूषेची गरज होती. त्याच्या वाट्याला पहारा आला. गादी मिळाली, पण माणूस म्हणून त्याला कोणी विचारले नाही.

त्यानंतर १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव नावाचा, वयाच्या दहाव्या वर्षात असलेला मुलगा दत्तक घेण्यात आला आणि त्याचे नाव शाहू ठेवण्यात आले. हेच आपले राजर्षी शाहू महाराज होत. बालमित्रांनो, आता तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर ऐका. शाहू महाराज शिवरायांचे नातू नव्हते. जन्माने ते घाटगे होते. शिवरायांच्या वंशाशी त्यांना जोडणारी रेघ तुमच्या मैत्रिणीच्या तक्त्यातल्यासारखीच तुटक होती.

बडोद्याची कथाही याहून वेगळी नाही. तेथील मल्हारराव गायकवाड यांना १८७५ साली ब्रिटिशांनी गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत केले. त्यांचे दिवंगत बंधू खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांनी त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ हा मुलगा दत्तक घेतला. तोवर अक्षरओळख नसलेला हा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा पुढे सयाजीराव महाराज झाला आणि त्याने १९०६ साली आपल्या सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

या दत्तकविधानांना धर्मशास्त्राचा आधार असे, परंतु अखेरचा शब्द सत्तेचा असे. साताऱ्याच्या राजाने १८४८ साली मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि ते राज्य खालसा झाले. झाशीच्या बाबतीतही हेच घडले. १८५७ च्या उठावाने हादरल्यावर ब्रिटिशांनी धोरण बदलले आणि संस्थानिकांचे दत्तक मान्य करण्याच्या सनदा दिल्या. म्हणजे जे दत्तकविधान १८४८ साली साताऱ्यात अमान्य ठरले, तेच १८८४ साली कोल्हापुरात मान्य झाले. शास्त्र तेच होते, बदलली होती ती राज्यकर्त्यांची सोय. 'वंशपरंपरा' या शब्दाभोवती जे पावित्र्याचे वलय उभे केले जाते, त्याच्या आत डोकावून पाहिले असता असे दिसते.

आणखी एक गोष्ट माझ्या भगिनींनी ध्यानी घ्यावी. या सर्व कथांत वारस निवडणारी स्त्री आहे. जिजाबाई आहे, जमनाबाई आहे, आनंदीबाई आहे. पण स्वतः वारस होण्याचा अधिकार मात्र त्यांतील एकीलाही नव्हता. रणांगण गाजविणाऱ्या ताराबाईंनाही मुलाच्या नावानेच राज्य करावे लागले. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाद्वारे मुलीला वारसाहक्क देण्याचा प्रयत्न केला. ते बिल रेंगाळत ठेवण्यात आले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ साली वारसा व दत्तक यांचे कायदे झाले, मुलगी दत्तक घेता येऊ लागली, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची हक्कदार झाली. हे कायदे आपणा बौद्धांनाही लागू आहेत. स्वीडनमध्ये थोरल्या राजकन्येला धाकट्या भावाच्या आधी वारसाहक्क मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले. बाबासाहेब हा विचार घराघरांतील सामान्य मुलींसाठी १९४० च्या दशकात मांडीत होते, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या दोन दत्तकपुत्रांनी आपल्या समाजासाठी जे केले, ते रक्ताच्या पुण्याईने केले काय? त्याच बडोद्याच्या गादीवर मल्हारराव बसले होते आणि त्याच गादीवर सयाजीराव बसले. गादी एकच, परंतु माणसे भिन्न. शाहू महाराजांना तर छत्रपतींच्या गादीवर बसल्यावरही वेदोक्त प्रकरणात शूद्र म्हणून अवमान सोसावा लागला. राजमुकुट मिळाला तरी वर्ण बदलत नाही, हे भिक्षुकशाहीने त्यांना दाखवून दिले. त्या अपमानाने ते केवळ स्वतःपुरते चिडले असते, तर इतिहासाने त्यांची दखल घेतली नसती. परंतु त्यांनी आपल्या जखमेतून दुसऱ्यांची जखम ओळखली. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ साली महार वतन रद्द केले.

आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावच्या परिषदेत काय घडले? छत्रपतींच्या गादीवर बसलेला एक राजा अस्पृश्यांच्या परिषदेत आला आणि अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणाकडे बोट दाखवून लोकांना म्हणाला की, तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. हाही एका अर्थाने वारस नेमण्याचाच प्रसंग होता. परंतु त्यात गोत्र पाहिले गेले नाही, कुंडली पाहिली गेली नाही, ब्रिटिश सरकारची मंजुरी मागितली गेली नाही. जन्माने वारस ठरविण्याच्या या प्रदीर्घ इतिहासात गुणांनी पुढारी ठरल्याचा तो क्षण होता.

तथापि, राजा कितीही थोर असला तरी त्याच्या कृपेला मर्यादा असतात, ही गोष्ट बाबासाहेबांइतकी कोणी जाणली नसेल. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांच्या आधाराने, ते १९१३ साली न्यूयॉर्कला आले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले. आपण ज्या भूमीवर आज उभे आहोत, त्या भूमीवर आपल्या समाजाचा तो पहिला दीप होता. परंतु करारानुसार सेवा करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास गेले, तेव्हा काय झाले? महाराजांची मर्जी त्यांच्या बाजूस होती, पदव्या त्यांच्या हाती होत्या. तरी संपूर्ण शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. राजाची कृपा राजवाड्याच्या दारापर्यंत पोहोचली. ती रस्त्यावर उतरू शकली नाही.

म्हणूनच बाबासाहेबांनी दुसऱ्या चांगल्या राजाचा शोध घेतला नाही. चांगला राजा गेला की पुढचा कसा निघेल, याची हमी कोणताही वंशवृक्ष देऊ शकत नाही. त्यांनी कृपेच्या जागी हक्क आणला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आणि १ मे १९४९ रोजी बडोदे ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून राजाचे मत व रयतेचे मत यांची किंमत एक झाली. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले. आणि २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीत काय घडले, तेही पाहा. कोल्हापूरच्या गादीचे आजचे वारस श्रीमंत शाहू छत्रपती यांनी मतदारांपुढे जाऊन मत मागितले आणि ते निवडून आले. ज्या मतपेटीत महारवाड्यातील म्हातारीचे मत पडते, त्याच मतपेटीतून राजघराण्यालाही जावे लागते. हा चमत्कार तलवारीने घडलेला नसून घटनेने घडविलेला आहे. नॉर्वेमध्ये १९०५ साली राजपद देऊ केलेल्या डेन्मार्कच्या राजपुत्राने आधी जनतेचा कौल घ्यावा असा आग्रह धरला होता आणि २,५९,५६३ विरुद्ध ६९,२६४ मतांनी तो कौल मिळाल्यावरच तो राजा झाला. कौलाशिवाय सिंहासन टिकत नाही, हे त्याने ओळखले होते.

मित्रहो, आपल्यापैकी ज्यांनी या देशाचे नागरिकत्व स्वीकारले, त्यांना अर्जातील एक प्रश्न आठवत असेल. परदेशात आपल्याकडे वंशपरंपरागत पदवी किंवा सरदारकी होती काय, असा तो प्रश्न आहे. आपण सर्वांनी हसत 'नाही' या शब्दापुढे खूण केली असेल. मीही केली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या वाडवडिलांकडेही एक वंशपरंपरागत गोष्ट होती. ती म्हणजे महारकी! गावाचा सांगावा पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी कामगारांच्या घोड्यापुढे धावणे, ही सेवा बापाकडून मुलाकडे न चुकता येत होती. राजाला मूल नसेल तर दत्तक तरी शोधावा लागे. महारकीला कधी वारसाची वाण पडली नाही. राजाचा मुलगा राजा आणि महाराचा मुलगा वेठबिगार, हे एकाच नियमाचे दोन भाग होते. एक भाग ठेवून दुसरा मोडता येत नाही. म्हणून बाबासाहेबांनी तो नियमच मोडला.

आता मी थोडे कटू बोलणार आहे. राग मानू नये. ज्या नियमाचे आपण बळी होतो, तोच नियम आपण आपल्या घरात आणि संस्थेत पाळीत नाही ना? सोयरिकीच्या वेळी आपण हळूच पोटजात विचारतो की नाही? आपल्या संस्थेची पदे वर्षानुवर्षे त्याच चार-पाच घरांत फिरत राहतात की नाही? दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी मी स्वतःचाच दोष कबूल करतो. मी नऊ वर्षे एका पदावर राहिलो आणि दरवर्षी म्हणालो की, दुसरा कोणी पुढे येत नाही. खरे पाहता मी कोणाला पुढे येऊ दिले नाही. सभेत एकदा एका तरुणीने हिशेबाविषयी प्रश्न विचारला, तेव्हा "तुझ्या जन्माआधीपासून आम्ही हे काम करीत आहोत" असे मी तिला सुनावले. ती पुन्हा सभेला आली नाही. आज मागे वळून पाहतो, तेव्हा वाटते की त्या दिवशी माझ्या तोंडून गादी बोलत होती, बाबासाहेबांचा अनुयायी बोलत नव्हता.

रुग्णाचा कागद भरताना त्याच्या आई-वडिलांना कोणते आजार होते, हे आम्ही डॉक्टर विचारतो. मधुमेह, रक्तदाब यांचा कल वारशाने येऊ शकतो. परंतु शील, करुणा, प्रज्ञा वारशाने आल्याचे मी तीस वर्षांच्या व्यवसायात एकाही कागदावर लिहिलेले नाही. ती प्रत्येकाला नव्याने मिळवावी लागतात. आपण जन्माने बौद्ध कुटुंबातील असू. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या मागच्या पिढीने जे केले, ते जन्माने झालेले नव्हते. तो जाणीवपूर्वक केलेला स्वीकार होता. आपल्या मुलांनाही तो कधीतरी स्वतः करावा लागेल.

या बाबतीत तथागतांचे चरित्र आपला मार्गदर्शक आहे. भगवान कपिलवस्तूला आले असता यशोधरेने राहुलास सांगितले, "हे तुझे पिता आहेत, त्यांच्याकडे आपला वारसा माग." बालक राहुल मागोमाग गेला आणि त्याने वारसा मागितला. शाक्यांचे वैभव मागे टाकून आलेल्या पित्याजवळ देण्यासारखे काय होते? भगवंतांनी सारिपुत्ताकरवी त्याला प्रव्रज्या दिली. परंतु नातू असा अचानक गेल्याने शुद्धोदन दुःखी झाले, तेव्हा भगवंतांनी नियम केला की मातापित्यांच्या संमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये. म्हणजे वारसा द्यावयाचा, पण तो कोणाचेही मन न दुखविता, न लादता द्यावयाचा. आणि महापरिनिर्वाणाची वेळ आली तेव्हा भगवंतांनी संघासाठी कोणी व्यक्ती वारस नेमली नाही; माझ्यानंतर धम्म हाच तुमचा शास्ता, असे आनंदास सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी या गोष्टीस मुद्दाम महत्त्व दिले आहे. अडीच हजार वर्षांत किती राजघराणी उदयास आली आणि लयास गेली. ज्याने वारस नेमला नाही, त्याची परंपरा मात्र आजही चालू आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या संस्थेच्या कोणत्याही पदावर कोणीही सलग दोन मुदतींपेक्षा अधिक राहू नये. त्याची सुरुवात म्हणून मी आज माझे पद सोडीत आहे. दुसरी, पुढील वर्षीचा मेळावा येथे जन्मलेल्या मुलामुलींनी भरवावा. त्यांचे मराठी अडखळले तरी आपण मध्ये बोलू नये. तिसरी, महाराष्ट्रातील एका होतकरू विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस आपण शिष्यवृत्ती द्यावी आणि तिची निवड करताना गाव, नाते वा ओळख पाहू नये. साडेअकरा पौंडांतून काय घडू शकते, हे जगाने पाहिले आहे.

आणि त्या तक्ता काढणाऱ्या मुलीला माझे एवढेच सांगणे आहे की, बाळ, तुझ्या तक्त्यातील तुटक रेघ खोडू नकोस. शाहू महाराज त्याच रेघेवरून आले, सयाजीराव त्याच रेघेवरून आले आणि आपण सारे दीक्षाभूमीवरून त्याच रेघेने बुद्धापर्यंत पोहोचलो. रक्ताची रेघ सरळ असते, पण ती कोठे जाईल हे तिच्या हाती नसते. विचाराची रेघ प्रत्येक पिढीला स्वतःच्या हाताने ओढावी लागते. ती आता तुझ्या हाती आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!